आरक्षण क्रमांक ११७

नकाशात तो तुकडा पिवळा आहे. वर तिरप्या रेघा,
रेघांच्या मधे बारीक अक्षरात : आ. दु. घ. गृहनिर्माण.
मुंढव्यात, कालव्याच्या अलीकडे, एकोणचाळीस गुंठे.
मला त्याला गुण द्यायचे होते.

शहराने गरिबांच्या घरांचा विचार किती केला
यासाठी बावीस प्रश्न, प्रत्येकापुढे चौकट.
जागा राखली आहे का? आहे. पाच.
हरकती-सूचना मागवल्या का? मागवल्या.
जिन्याखालच्या फलकावर, सात दिवस, त्यात दोन सुट्ट्या.
पण मागवल्या. चार.

मग प्रत्यक्ष पाहणी.
जागेवर लॉन्स. कमानीला थर्माकोलचे हत्ती,
पायाखाली कालच्या अक्षता,
आणि हिरवळीवर नळी धरून एक माणूस :
पोपट गायसमुद्रे, रखवालदार, मूळ परंड्याचे.
"इथे आरक्षण आहे," मी म्हटलं.
"ते हापिसात होतं बाई. मे सगळा फुल आहे."

जनरेटरच्या मागे त्यांची पत्र्याची खोली.
आत आडोशाला जुन्या स्टेजचा मखमली पडदा,
त्यावर कुणाच्या तरी नावाची अर्धी अक्षरं अजून चिकटलेली.
धाकटी तेराचा पाढा बँडच्या ठेक्यात म्हणते,
तसाच पाठ झालाय.
भाडं? नाही.
पाणी? लग्न असलं की टँकर येतो.
लग्न नसलं की? गायसमुद्रेबाई हसल्या नुसत्या.

प्रश्न चौदा : राखीव जागेवर प्रत्यक्ष राहणारी दुर्बल घटकांतली कुटुंबे.
सव्वीस जागा पाहिल्या होत्या, सव्वीस शून्यं.
इथे लिहिलं, एक.
प्रश्न पंधरा : घरापासून कामाचं अंतर.
मी मोजलं. चाळीस पावलं.
पैकीच्या पैकी.

साहेबांनी बेरीज दोनदा केली.
"अहो, हे पहिलं आलं की! फोटो आहे का?"

आहे. बाई पदर सारखा करतायत,
थोरली दारातून अर्धीच दिसते, हातात दहावीचं गाईड.
बाईंनी विचारलं होतं, यादी निघाली का, नाव कुठं बघायचं.
यादी नाही हो, मी म्हटलं, नुसते गुण द्यायचेत.
"पस्तिसाला सुटतं का?"

शेऱ्याची चौकट अजून कोरी आहे.
माझा मांजरीचा अकरा महिन्यांचा करार
जूनमध्ये संपतो, मालक फोन उचलत नाही.