बांधाखालचा ओलावा

बारा सुया टोचल्या होत्या,
दोनात सापडलं.
डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्याकडे फिरवला,
तीन अधिक तीन, सहा.
म्हणाल्या, आहे. पण निजलेला आहे.
आपण त्याला उठवायचं नाही
आणि आपणही निजायचं नाही.
दर सहा महिन्यांनी रक्त,
वर्षाने एमआरआय, मग पुन्हा सुया.
तो हलला, तर आपण हलू.

भोजराज पुण्याहून फोनवर ओरडला,
बाबा, कॅन्सर आहे तो! काढून टाकू.
नुसतं पाहत बसायचं म्हणजे काय?

आता याला काय सांगू.
नुसतं पाहत बसायचाच पगार घेतला मी
एकतीस वर्षं, पाटबंधारे खात्याकडून.
त्यातच तू शिकलास.

सत्त्याऐंशीचा कार्तिक. तलाव काठोकाठ,
धान कापणीला आलेलं,
आणि बांधाच्या पायथ्याशी, येनाच्या झाडाजवळ
पंजाएवढी जागा ओली.
गावाने फावडी काढली.
कोणी म्हणे खोदा,
कोणी म्हणे तलावच सोडून द्या नाल्यात.
खोब्रागडे ओव्हरसियर सायकलवर आले,
उकिडवे बसले, बोटाने माती दाबली,
खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली
त्या झिरपत्या पाण्याने भरून उन्हात धरली.
नितळ आहे, म्हणाले.
मातीचा बांध, थोडा घाम येणारच.
खोदाल तर तुम्हीच फोडाल.
रोज भर, रोज बघ, लिहून ठेव.
गढूळ दिसलं तर मात्र
जेवत असलास तरी हात धुवायला थांबू नको.

रोज भरली बाटली.
नितळ. नितळ. जरा जास्त, पण नितळ.
थोरलीच्या हळदीच्या दिवशी लिहिलेलं नितळ
वहीत अजून पिवळं आहे.

चौऱ्याण्णवला एकदा गढूळ झालं.
रात्री दीडला कंदिलापुढे बाटली धरली,
तळाशी माती बसत गेली, बसतच गेली.
साकोलीपर्यंत सायकल हाणली.
पहाटे रेती आली, मग गिट्टी, मग दगड,
पायथ्याला तीन थरांचा पदर लावला.
तलाव तिथेच आहे. येनही.
भोजराज तेव्हा सात वर्षांचा.
ट्रॅक्टरवर बसायला मिळालं,
एवढंच आठवतं त्याला.

पण खोटं कशाला बोलू.
बांध माझ्या बाहेर होता.
ड्युटी संपली की घरी यायचो,
भात आणि मासोळीचं सार खाऊन
घोरत पडायचो.
आता घरी आलो तरी बांधावरच असतो.
रात्री तीनदा उठतो,
अंगणाच्या कडेला उभा राहून
स्वतःच्याच पाण्याची वाट बघतो,
आणि दर खेपेला वाटतं,
हललं का?

गावात सांगितलं नाही.
रोग आहे आणि औषध नाही म्हटलं
तर लोक बिस्किटांचे पुडे घेऊन भेटायला येतील,
आणि मी तर परवाच पऱ्हे टाकले.

मागच्या महिन्यात नागपुरात
त्या पोराने रक्ताची नळी भरली.
मी सवयीने हात पुढे केला,
उजेडाकडे धरून बघू दे म्हटलं.
तो हसला. काका, असं नाही दिसत.
खरंच. लाल होतं, बस्स.
तिथे मी अडाणी.
वाचायचं दुसऱ्याने, मी फक्त लिहायचं:
पाच पॉइंट आठ. पाच पॉइंट नऊ. पाच पॉइंट सहा.
जुन्याच वहीत लिहितो,
मागची पानं कोरी होती.

रायवंताला आकडे कळत नाहीत.
काल रात्री तिसऱ्यांदा उठून आत आलो,
तर खाटेवरूनच तिने विचारलं,
कसं हाय?
नितळ, म्हटलं.
ती जरा थांबली.
पाहून सांगता, का उगाच?