एक अक्षर जास्त

कन्याशाळेच्या आवडाबाई कर्णिक
रावपुऱ्यातून भर दुपारी निघाल्या,
छत्री काखेत, ती उघडायचंही सुचलं नाही.
भांडण एका अक्षराचं होतं.

विलायतेच्या राणीला गादीवर बसून साठ वर्षं झाली
म्हणून कामाठीबागेत बँड वाजणार होता,
आणि बाईंच्या मगरीला चाल लागली होती.

मगर विश्वामित्रीतली. खरीच.
पुलाखाली जबडा उघडून ऊन खात पडायची.
बाईंनी ती कवितेत आणली
तिसरीतल्या एका मुलीसाठी,
जी पुढचे दात पडल्यापासून
तोंडात परकराचं टोक धरून बसे:

मगरबाई मगरबाई, दात तुमचे किती?
एक उसना द्याल का? जागा माझी रिती.

बँडमास्तर पास्कोल लोबो गोव्याकडचा.
त्याला 'द्याल का'पाशी एक मात्रा कमी पडली.
त्यानं तिथं 'गं' बसवला.

"तुमचे म्हणायचं, द्याल म्हणायचं,
आणि वर गं?
मगर वडीलधारी आहे, लोबोमास्तर.
घालायचाच तर 'हो' घाला."

तो क्लॅरिनेट पुसत राहिला.
"हो म्हणताना तोंड उघडं राहता, बाई.
पोरांचा श्वास सांडता.
गं आत घुमता."

ज्युबिलीला सत्तर मुली 'गं' म्हणाल्या.
माझी पणजी त्यांच्यात होती, डावीकडून चौथी.
ती सांगायची,
मागच्या खुर्च्यांवरून एकच आवाज
'हो' म्हणाला,
तोही किंचित उशिरा.

पुढं पुस्तक निघालं, दोन आण्यांचं.
छापखान्यानं ऐकलं तसं छापलं.
बाईंनी दोनशे प्रती टांग्यातून घरी आणल्या
आणि बोरूनं, प्रत्येकीत,
तो गं खोडला.
आमच्याकडच्या प्रतीत त्या शाईनं कागद खाल्लाय.
मागच्या पानावरच्या पतंगाला
बरोबर तिथं भोक आहे.

परवा अलकापुरीत
डॉक्टरनं माझे पुढचे दोन दात काढले.
तोंड बधिर, ओठ कुणा दुसऱ्याचे,
हिरडीवर कापूस.
रिक्षा पुलावर आली तशी
रिक्षावाला म्हणाला, "बेन, जुओ, मगर!"

होती.
गाळावर, टायरीसारखी.
मी मागच्या मागं पुटपुटायला गेले.
ओठांचा म येईना.
दातांचा द तर नाहीच.
आयुष्यभर पोरांकडून घोकून घेतलेली वर्णमाला
जागोजाग सांडलेली,
कंठातलं तेवढं शिल्लक.

बाई, रागावू नका.
पूल संपेपर्यंत
मी नुसतं गं, गं करत होते
आणि चाल
एकदाही चुकली नाही.