घेर

लोकांची मापं घेण्यात तीस वर्षं गेली.
छाती, कंबर, सीट, बाही.
कुणाचं पोट पुढे, कुणाचा एक खांदा उतरलेला.
आकडा मी मोठ्यानं बोलत नाही,
वहीत लिहितो, टेप गळ्यात टाकतो.
सेलूत आपलं दुकान एवढ्यावरच चालतं,
असं बायको म्हणते.

माझं स्वतःचं कापड मात्र
मी अंदाजानं कापतो.

आठवीचा उन्हाळा.
नरवाड्यांच्या विहिरीवर सगळी पोरं,
पाठीला वाळका भोपळा बांधून
काका एकेकाला वरून सोडायचे.
माझी पाळी आली. सदरा काढला.
नरवाड्यांचा थोरला म्हणाला,
याला कशाला भोपळा? ह्योच भोपळा!

विहिरीत आवाज घुमतो.
तो शब्द खाली गेला
आणि दगडाला आपटत
चारदा वर आला.

घाईत बटणं एका काजानं चुकली,
घरापर्यंत तशीच.

नंतर पाण्याशी मी बोललो नाही.
न्हाणीत कडी लावूनही पंचा अंगावर.
लग्नात हळद लागली ती बनियनवरून.
आणि आमच्याकडे पाणीच दर तिसऱ्या वर्षी रुसतं,
टँकरच्या रांगेत कुणी विचारत नाही
तुम्हाला पोहता येतं का.

यंदा दुधना भरली,
विहिरींना हात लावावा इतकं पाणी.
काज-बटण करणारा मुबीन,
एकोणीस वर्षांचा, सुईत दोरा ओवता ओवता म्हणाला,
चला की मास्तर. कामून भ्यायलात?
भीत नाही म्हणालो.
खोलीला नाही, सापाला नाही.
पुढचं बोललो नाही,
त्यानंही विचारलं नाही.

पहाटे पाच. अंधार.
बनियन ठेवू का?
ठेवा की. भिजली म्हंजी तीच खाली वढंल.

खरं होतं. ओली बनियन शिशाची होते.
तिसऱ्या दिवशी काढली,
घडी करून पायरीवर ठेवली
(घडी न घालता कापड ठेवणं मला जमत नाही).
भोपळा नको, एवढंच म्हणालो.
मुबीननं तेलाचा रिकामा कॅन आणला,
अस्तराच्या पट्टीनं बांधला,
गाठ मीच मारली.

अकरा दिवस मी पाण्याला नुसता हाणत होतो.
मास्तर, कापडाला एवढं आवळता का?
ढिलं सोडा.
नाकात पाणी, कानात पाणी.
दुकानात गिऱ्हाईक बोलायचं
ते खोल कुठून तरी आल्यागत वाटायचं.
एका नवरदेवाची पँट दोन बोटं आखूड झाली,
ती मी फुकट उसवून दिली.

बाराव्या दिवशी
कॅन कधी सुटला कळलंच नाही.
दिसला तेव्हा तो पलीकडच्या कडेला
एकटाच डुलत होता.
मी उताणा.
वर विहिरीच्या घेराएवढं आभाळ,
बाभळीला सुगरणीचे खोपे,
आणि मधोमध माझं पोट,
पाण्याबाहेर.
उजेड आधी त्याच्यावर पडला.

पायरीवरून मुबीन म्हणाला,
चरबी तरंगती मास्तर.
मला वाळक्याला दोन वर्षं लागली.

मी हसलो.
विहिरीत आवाज घुमतो.

तेवढ्यात वर काठावर कुणीतरी.
मोटर लावायला नरवाड्यांचा थोरलाच आला होता.
वाकून बघत म्हणाला, कोण हाय रे आत?
बुडी मारावी वाटलं.
बुडी मला अजून येत नाही.

मी आहे म्हणालो. टेलर.

तो बघत राहिला. मीही खालून त्याला.
सदऱ्याची खालची दोन बटणं ताणलेली.
त्याचं माप मला पाठ आहे.
ते मी बोलणार नाही.

मोटर लावू का थांबू? त्यानं विचारलं.

थांब थोडं.