कासारहोळची नक्कल

मोजणी कचेरीत, कोल्हापुरात,
माझ्या टेबलावर आलं माझंच गाव,
घड्यांवर फाटलेलं, मागून कापड चिकटवलेलं.
साहेब म्हणाले, नक्कल काढा.
जुनं आहे तसंच.

जुनं कसं होतं ते दौलूतात्या खोराट्याला ठाऊक.
साखळी ओढून ओढून त्याच्या बापाच्या खांद्याला
घट्टा पडला होता, बैलाला पडतो तसा.
तात्या सांगायचा, होळ म्हणजे पाणी, कानडीत.
आणि कासार?
ते एका रात्रीत उठून गेले. कुठं, का, माहीत नाही.
चावडीमागं नांगर घातला की अजून काच लागते,
हिरवी, नखाएवढी.
सातगोंडा मास्तर म्हणायचे, खुळा आहेस,
कासार नव्हे, कासरा.
घाट चढायच्या आधी गाडीवाले इथं कासरे ढिले सोडत.
एका कान्यावरून दोघं आठ वर्षं बोलले नाहीत.
मास्तर गेले तेव्हा तात्यानं खांदा दिला,
आणि परत येताना म्हणाला, तरी कासारच.

पश्चिमेला सडा. जांभा, तापलेला,
भाद्रपदात चार दिवस निळा होणारा.
पूर्वेला काळी रानं, ऊस, गुऱ्हाळाची चिमणी.
तांबडी आणि काळी माती जिथं भेटतात
तिथं छबू मुजावरचं घर आहे:
चुलीकडची भिंत तांबडी, न्हाणीकडची काळी.
ती म्हणते, सारवायला बरं पडतं.
नकाशावर यातलं काही नाही.
नकाशावर गट नंबर, पांद, मसणवट,
आणि ओढा.

ओढा इथं चुकलाय.
म्हणजे ओढा चुकला नाही, तो सरकला,
थोरल्या पुरात, एका रात्रीत, कासारांसारखाच.
जुनं पात्र कोरडं पडलं, तिथं आधी गुरं बसली,
मग कुडाची खोपटी, मग विटा, मग अकरा घरं.
कागदोपत्री ही अकरा घरं पाण्यात आहेत.
रकमाक्का दर मार्चला पाण्यातल्या घराची घरपट्टी भरते
आणि पावती पत्र्याच्या डब्यात ठेवते,
डबा उंच फळीवर. न जाणो.

अकरातलं सातवं आमचं.
मी निळी शाई घेतली.
जुनं आहे तसं.
दत्तूच्या गिरणीवरून, रकमाक्काच्या तुळशीवरून,
आईच्या पाटा-वरवंट्यावरून
हात न थरथरता पाणी नेलं.
वाळायला पंख्याखाली ठेवलं.

संध्याकाळी आईला फोन केला.
घर कसं आहे, एवढंच विचारलं.
म्हणाली, गवा आलता. मका झोपवला सगळा.
पूर्वेकडनं आला.

पूर्वेकडनं? गवे सड्यावरनं येतात, आई.

येत होते, ती म्हणाली.
आता तिकडनंबी येत्यात.
तुमच्या कागदावर लिहून ठेव जा.

सही-शिक्का होऊन नक्कल गेली होती.
बोटाला शाई होती, निळी,
दोनदा धुतलं.