पेशी

ढोकीच्या शाळेत एकच सूक्ष्मदर्शक, आरसा तडकलेला.
पटवेगर सरांनी तो खिडकीत नेला,
कांद्याचा पापुद्रा, वर आयोडीनचा थेंब.

कुणाला विटा दिसल्या, कुणाला चाळणी.
प्रयाग म्हणाली, लेणी, सर. सहलीतली.
भिक्खूंच्या खोल्या.

सर हसले. ज्यानं पहिल्यांदा बुचाची चकती पाहिली
त्यालाही मठातल्या खोल्याच आठवल्या होत्या.
मग फळ्याकडं वळून म्हणाले,
आपण हिला पेशी म्हणतो.

मी दचकलो.
पेशी तर बापाची होती, सोमवारी,
बांधाच्या भांडणाची, सतरावी.

माझी पाळी आली. डोळा लावला.
भिंतीला भिंत, मध्ये बोटभर बांध नाही,
दार कुठंच नाही.
आत मात्र एकेक जण बसलेला, पिवळसर,
नाव पुकारायची वाट बघत.