नेम

वेशीवर फ्लेक्स लावलाय माझा:
'हर्षाली शांताराम कोळी, सीमेवरची वाघीण.'
फोटो भरतीच्या वेळचा, गाल भरलेले.
खाली सरपंचांपासून पानटपरीवाल्यापर्यंत अकरा डोकी.
शाल झाली, नारळ झाला.
शाळेतल्या एका पोरीनं विचारलं, "ताई, भीती वाटली?"
मी म्हटलं, "हेल्मेट मोठं होतं. सारखं डोळ्यांवर यायचं."
सगळे हसले.
मी खरं तेच सांगितलं होतं.

माघातल्या त्या पाच रात्री
मोर्चात आम्ही सहाजणी, आणि एक हवालदार.
धुकं असं, की स्वतःचा हात उसना वाटावा.
तिसऱ्या रात्री माझी पाळी आली.
मिझोरामच्या लालरिनपुईनं पट्टीच्या पेटीतला कापूस दिला
आणि एक शब्द न बोलता
माझ्या वाटचे गोळे उचलून नळीत सोडत राहिली.
हवालदार आकडे सांगायचा, मी नळीचा कोन बदलायची.
पलीकडे कुठंतरी धप्प.
"लागलं," तो म्हणायचा.
काय लागलं, ते दोघांनाही ठाऊक नसायचं.

सहाव्या दिवशी ऊन पडलं. दुर्बिणीत
सरकंड्याच्या पल्याड चार माणसं एक बाज नेताना दिसली.
बाजेवर गोधडी.
सावकाश चालत होती,
ओझं जड असल्यासारखी नाही,
हलकं असल्यासारखी.
हे मी गावात सांगितलेलं नाही.

अखाजी. बोरी कोरडी ठणठणीत.
पात्रात नुसते दगड, आणि दगडांना मालक नाही.
अलीकडे आमच्या गावच्या लेकी, पलीकडे त्यांच्या.
पोलीसपाटील दरवर्षी म्हणतो, "पोरींनो, यंदा नको,"
आणि दरवर्षी स्वतःच निंबाखाली खुर्ची टाकून बसतो.
दीपमालावहिनी परवापर्यंत आमच्या चुलीपुढं
भरीताची वांगी भाजत होती;
आज ती माहेरी, म्हणजे पलीकडे, पदर खोचून
माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतेय, नावानिशी.
मलाही त्यांच्यातल्या एकेकीचं नाव येतं.
कुणाचा नवरा पितो, कुणाची म्हैस आटली,
काय म्हटलं की कुणाला कुठं झोंबेल, सगळं.
तिकडे, सरकंड्यापल्याड,
मला एकाचंही नाव येत नव्हतं.

दगड उचलला, आणि हात थांबला.
मी नाही, हातच मोजत होता:
पासष्ट मीटर. वारा डावीकडून.

"काय व मिल्ट्रीवाली!" वहिनी पलीकडून ओरडली,
"बंदूक येस तुले, दगड येस नही का?"

दोन्ही काठ हसले. पोलीसपाटीलही.
मी फेकला.
मग अजून एक. मग मोजणं सुटलं,
घसा बसेपर्यंत शिव्या दिल्या,
ज्या छावणीत कुणाला समजल्या नसत्या,
आणि अंधार पडला तेव्हा
खिशात तीन दगड उरले होते. ते घरी का आणले, माहीत नाही.

चौथ्या दिवशी वहिनी परत आली.
हातात सांजोऱ्यांचा डबा, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ.
आईला म्हणाली, पडले.
मी पळीत हळद गरम केली. हळूच विचारलं,
"कुणाचा होता गं?"
"तुनाच. दुसरं कोन?"
टेंगूळ गरम होतं. बोटाखाली ठणकत होतं,
आत कुणीतरी असल्यासारखं.
माझा हात तिथंच राहिला. मागेही येईना, पुढेही जाईना.
"दाब ना व," ती म्हणाली, "घाबरस काय?"

दुपारी तिनं वेशीवरचा फ्लेक्स सोडवून आणला,
धाब्यावर अंथरला, चार कोपऱ्यांना माझे तीन दगड
आणि एक वरवंटा ठेवला,
आणि 'वाघीण'पासून कुरडया घालायला बसली.
अकरा डोकी झाकली गेली. माझा गळा, हनुवटी.
सोऱ्या हातात धरून ती थांबली.
"डोळ्यावर घालू का व?"

"घाल," मी म्हटलं.