भट्टीवाल्याची जबानी

लिहून घ्या, साहेब. नाव कानियो लापोल्ला.
वय एकाहत्तर. धंदा, पावाची भट्टी.
गाव मोंतेक्रेता, म्हणजे चिकणमातीचा डोंगर.
ज्यानं हे नाव ठेवलं
त्यानं आमच्यापासून काही लपवलं नाही.

तुम्ही पोटेन्झाहून यंत्र घेऊन आलात,
चर्चच्या पायरीशी तीन पायांवर उभं केलंत,
एक डोळा मिटून म्हणालात,
वर्षाला अकरा मिलिमीटर.
एवढंच? मी म्हटलं.
आजोबांच्या वेळी एका रात्रीत अख्खी आळी गेली,
सत्तावीस उंबरे.
उजाडलं तेव्हा दरीच्या तळाशी
एक कोंबडा आरवत होता, कुणाच्यातरी छपरावरून.
छपराखाली घर नव्हतं.

गाव कधी वसलं, विचारता.
या माझ्यामागून, भट्टीच्या पलीकडे, डोकं सांभाळा.
हा दगड. बैलाएवढा. चुना नाही, गिलावा नाही,
वजनावर वजन, बस्स.
हा बसवला तेव्हा
रोम हे नाव इथे कुणाच्या कानावर आलं नव्हतं.
मेंढरं वळणारी डोंगरातली माणसं होती,
त्यांच्या भाषेतला एक शब्दही मला येत नाही,
पण पाठ टेकवली की दगड अजून गार लागतो.
मग समुद्राकडून ग्रीक आले, तेलाचे रांजण घेऊन.
रोमनांनी मोजणी केली, तुमच्यासारखीच.
नॉर्मन आले घोड्यांवरून, त्यांनी बुरूज बांधला.
अर्धा बुरूज वर आहे.
अर्धा नदीत, त्यावर बायका सतरंज्या धूत असत.

खिडकीतून बघा आता.
या राखाडी घळींत मे महिन्यात पिवळी झुडपं पेटतात,
ऑगस्टात माती तडकते
जसा माझा पाव तडकतो, वरून, मधोमध,
आतली वाफ बाहेर पडायला वाट शोधते म्हणून.
तुमच्या कागदावर याला दुसरा शब्द असेल.

आणि हे शिक्के. नाही, खेळणी नव्हेत.
घरोघरी कणीक मळली जाई, भट्टी सगळ्यांची एक.
बाप पहाटे तीनला शीळ घालत गल्लीतून जाई,
बायका फळ्यांवर गोळे आणून ठेवत,
प्रत्येकीचा शिक्का वर उमटलेला:
कुणाचा मेंढा, कुणाची अक्षरं,
एका विधवेचं नुसतं वर्तुळ.
शिक्का पाहून मी सांगे कुणाकडे पाहुणे आलेत,
कुणाच्या पिठात या महिन्यात चवळी मिसळली आहे.
हे मी कधी कुणाला बोललो नाही.
जबानीत पहिल्यांदाच.

लोक जहाजानं गेले. खुंट्या रिकाम्या होत गेल्या.
मागच्या हिवाळ्यात रोसारिओहून पार्सल आलं,
पत्र स्पॅनिशमधलं, औषधवाल्याकडून वाचून घेतलं:
आजी वारली. आमच्याकडे पाव दुकानातून येतो.
हे तिथलं आहे, तिथे ठेवा.
आत मास्त्रांजेलोंचा शिक्का, किल्लीचा.
त्यांचं घर त्या सत्ताविसांतलं.

सोमवारी मी एक पाव त्याच शिक्क्यानं भाजला.
संध्याकाळपर्यंत फळीवर ठेवला, रीत म्हणून.
मग चार दिवस मीच खाल्ला.
शेवटी शेवटी बोळक्या तोंडानं सुपात बुडवून.

खाली स्टेशनपाशी नवी घरं देणार म्हणता,
सरळ रस्ते, प्रत्येकाला वीजमीटर.
देतील. आम्ही जाऊही कदाचित.
हो किंवा नाही असं मात्र लिहू नका,
भट्टी गरम असताना माणसाला असलं विचारू नये.

जबानी संपली. सही कुठे?
आणि ते यंत्र जरा सरकवा, साहेब.
इंकोरोनाता पाण्याचा कॅन घेऊन याच पायरीनं चढते.
तिला कठड्याचा आधार लागतो,
आणि कठडा दोन हिवाळ्यांत
तिच्या हातापासून बोटभर लांब गेलाय.